स्पॅनिशमधील क्रियाविशेषणे : रूप, उपयोग आणि प्रमाणतेचा प्रश्न



मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्या प्रत्येकाला शब्दांच्या आठ जाती पाठ असतात. चार विकारी, चार अविकारी. आणि अविकारींमध्ये पहिले नाव क्रियाविशेषणाचे. क्रिया कशी, केव्हा, कुठे आणि किती घडली हे सांगणारा शब्द, एवढी व्याख्या लिहिली की गुण मिळत आणि विषय तिथेच संपे. परकी भाषा शिकायला घेतली की मात्र तो नव्याने उघडावा लागतो. नाम कोशात सापडते, क्रियापदाचे तक्ते पाठ करता येतात; पण 'आता', 'अजून', 'नुसते', 'जरा', 'उगीच', 'खुशाल' हे शब्द कोशात सापडूनही हाती लागत नाहीत. बोलणाऱ्याचा कल, घाई, आर्जव, नाराजी हे सगळे त्यांत साठलेले असते.

आज आपल्या घरांतली मुले शाळेत तिसरी किंवा चौथी भाषा म्हणून स्पॅनिश घेतात, काही जण कामानिमित्त मेक्सिकोला किंवा स्पेनला जातात. त्यांना मदत करू इच्छिणाऱ्या आजीआजोबांसाठी आणि भाषेची आवड असलेल्या सर्वांसाठी हे विवेचन आहे. स्पॅनिश शब्द येथे देवनागरीत, अमेरिका खंडातील उच्चारांना धरून दिले आहेत. स्पेनच्या बहुतेक भागांत यांतल्या काही 'स'चा उच्चार जीभ दातांमध्ये धरून 'थ'च्या जवळ जाणारा होतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

१. 'मेन्ते' म्हणजे मनाने

स्पॅनिशमध्ये रीतिवाचक क्रियाविशेषण बनवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विशेषणाला 'मेन्ते' जोडणे. 'क्लारो' म्हणजे स्पष्ट, 'क्लारामेन्ते' म्हणजे स्पष्टपणे. 'लेन्तो' म्हणजे संथ, 'लेन्तामेन्ते' म्हणजे संथपणे. 'फासिल' म्हणजे सोपे, 'फासिलमेन्ते' म्हणजे सहज. पाठ्यपुस्तके नियम असा देतात: विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घ्या आणि त्याला 'मेन्ते' लावा, ज्या विशेषणाला लिंगभेद नाही त्याला ते थेट लावा. स्त्रीलिंगच का, हे बहुधा कोणी सांगत नाही.

उत्तर लॅटिनमध्ये आहे. लॅटिन 'मेन्स' म्हणजे मन किंवा बुद्धी, आणि 'मेन्ते' हे त्याच्या पंचमी विभक्तीचे रूप. लॅटिनमध्ये ही विभक्ती आपल्या तृतीयेचेही काम करते, म्हणून 'मेन्ते'चा अर्थ 'मनाने'. 'क्लारा मेन्ते' हे मुळात दोन स्वतंत्र शब्द: स्वच्छ मनाने. 'मेन्स' स्त्रीलिंगी, म्हणून तिचे विशेषणही स्त्रीलिंगी. पुढे मनाचा अर्थ विरला, शब्दाचा प्रत्यय झाला, आणि जिथे मनाचा संबंधच नाही तिथेही तो लागू लागला. पाऊस 'लेन्तामेन्ते' पडतो तेव्हा पावसाच्या मनाचा विचार कोणी करत नाही. पण प्रत्ययाने आपले जुने लिंग सोडलेले नाही.

मराठी वाचकाला येथे घरचे माणूस भेटते. लॅटिन 'मेन्स' आणि संस्कृत 'मति' ही एकाच मूळ धातूची भावंडे आहेत. 'मनस्' त्याच कुळातले. आणि 'मति'ही स्त्रीलिंगीच. आपण 'मोकळ्या मनाने', 'शांत चित्ताने', 'एकाग्र बुद्धीने' म्हणतो तेव्हा रोममधल्या माणसाने 'मेन्ते' ज्या रीतीने वापरले त्याच रीतीने वाक्य रचत असतो. फरक एवढाच, की आपल्याकडे 'मनाने' हा स्वतंत्र शब्द राहिला आणि प्रत्ययाचे काम 'पणे'कडे गेले. गोव्यातील ज्या घरांत जुन्या पिढीला पोर्तुगीज येते, त्यांना हा 'मेन्ते' ओळखीचा वाटेल. पोर्तुगीज आणि इटालियन यांत तो याच रूपात आहे, फ्रेंचमध्ये शेवटचा स्वर गळून.

मूळचे दोन शब्द असल्याच्या दोन खुणा आजही शिल्लक आहेत. पहिली उच्चाराची. स्पॅनिश शब्दात एकाच अक्षरावर जोर असतो. पण 'मेन्ते'च्या शब्दांत दोन असतात, एक मूळ विशेषणाचा आणि एक 'मेन्ते'तल्या 'मे'चा. म्हणून 'फासिल' लिहिताना पहिल्या स्वरावर जी तिरपी रेघ द्यावी लागते, ती 'फासिलमेन्ते' लिहितानाही टिकते. दुसरी खूण वाक्यरचनेची. दोन क्रियाविशेषणे एकापाठोपाठ आली तर 'मेन्ते' फक्त शेवटच्याला लागते: 'क्लारा इ लेन्तामेन्ते'. आपणही 'ते स्पष्ट व निर्भीडपणे बोलले' असे लिहितो, 'स्पष्टपणे व निर्भीडपणे' लिहीत नाही. त्यामुळे हा नियम मराठी विद्यार्थ्याला वेगळा शिकवावा लागू नये. आपल्या वाक्याकडे बोट दाखवले की झाले.

मात्र जे सहज बनते त्याचा अतिरेकही सहज होतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना 'मेन्ते'च्या क्रियाविशेषणांचा तिटकारा होता. ही सवय लेखनाला दरिद्री करते असे त्यांचे मत होते, आणि पुढच्या काळातील लेखनात ती टाळण्याचा त्यांनी कटाक्ष ठेवला. एका परिच्छेदात चार 'मेन्ते' आले की गद्य ठोकळेबाज वाजू लागते, हा अनुभव आपल्यालाही 'पूर्वक' आणि 'पणे' यांनी भरलेल्या सरकारी मराठीत येतो. उपायही सारखाच आहे. स्पॅनिश माणूस पुष्कळदा 'कोन' हे शब्दयोगी आणि एक नाम घेऊन काम भागवतो: 'कोन कुइदादो' म्हणजे काळजीने, 'कोन पासिएन्सिया' म्हणजे धीराने. आपला 'ने' तेच करतो.

२. सावकाश आणि देस्पासियो

सगळीच क्रियाविशेषणे 'मेन्ते'ची नसतात. रोजच्या बोलण्यातली तर बहुतेक नसतातच. 'हळू बोला' हे स्पॅनिशमध्ये 'आब्ले देस्पासियो'. हा शब्द 'दे' आणि 'एस्पासियो' यांपासून झाला. 'एस्पासियो' म्हणजे जागा, अवकाश. आता आपला 'सावकाश' फोडून पाहा: स आणि अवकाश. अवकाश म्हणजे मोकळी जागा, आणि फुरसतही. या दोन शब्दांचे परस्परांशी नाते नाही, एकाने दुसऱ्याकडून काही घेतलेले नाही. घाई नसणे म्हणजे भोवती मोकळी जागा असणे, हे दोन्ही भाषांना आपापले सुचले. 'देस्पासियो'चा अर्थ विद्यार्थ्याला 'हळू' असा सांगण्यापेक्षा 'सावकाश' असा सांगावा. तो मग विसरत नाही.

याच शब्दाचे लाडके रूप 'देस्पासितो'. २०१७ साली त्या नावाच्या गाण्यामुळे ते आपल्या गल्लीबोळांतही पोहोचले. नामाला लागणारा लघुत्वाचा प्रत्यय क्रियाविशेषणाला लावण्याची ही रीत अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये फार आहे. 'सेर्का' म्हणजे जवळ, 'सेर्कीता' म्हणजे अगदी जवळ. 'हळू'पेक्षा 'हळूच' जसा नाजूक, तसा 'देस्पासियो'पेक्षा 'देस्पासितो'.

आपल्याकडे पटपट, भराभर, चाचपडत, लपूनछपून अशी जी मोठी सेना आहे तिचे काम तिकडे शब्दसमूह करतात. 'पोको आ पोको' म्हणजे थोडे थोडे करून, हळूहळू. 'आ तिएन्तास' म्हणजे चाचपडत, 'आ एस्कोन्दीदास' लपूनछपून. 'आ गातास' म्हणजे रांगत. शब्दशः मांजरींच्या चालीने. 'आ रेगान्यादिएन्तेस' म्हणजे दात दाखवत, अर्थात नाखुशीने, कुरकुरत. असे समूह तोडून शिकू नयेत, म्हणींसारखे अखंड उचलावेत.

३. बदलणारे आणि न बदलणारे

आता मराठी विद्यार्थी जिथे हमखास अडतो ती जागा. आपण क्रियाविशेषणाला अव्यय म्हणतो खरे, पण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते, ती मुले चांगली गातात' ही वाक्ये पाहा. 'चांगला' येथे गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, तरी कर्त्याप्रमाणे बदलतो. आपल्या व्याकरणकारांनी याची दखल घेऊन अशा शब्दांना विकारी क्रियाविशेषण म्हटले. 'ती नुकतीच आली' यातले 'नुकतीच' त्याच जातीचे.

स्पॅनिशमध्ये 'ती चांगली गाते' हे 'एया कान्ता ब्येन'. 'ब्येन' कोणासाठी बदलत नाही. 'ब्वेनो, ब्वेना' हे विशेषण. ते माणसाच्या किंवा वस्तूच्या गुणाबद्दल बोलते. 'एया एस ब्वेना' म्हणजे ती भली आहे. मराठी सवयीने 'एया कान्ता ब्वेना' म्हटले जाते आणि ते चूक ठरते. 'माल' आणि 'मालो' यांचे नाते तसेच: पहिले क्रियेचे, दुसरे नामाचे. 'रापिदो' हे विशेषण क्रियाविशेषण म्हणून आले की तेही पुल्लिंगी एकवचनात गोठते. 'एया कोर्रे रापिदो', तिथे 'रापिदा' नाही. 'मेदियो' म्हणजे अर्धा. पण ती अर्धवट झोपेत असेल तर 'एया एस्ता मेदियो दोर्मीदा'. 'दोर्मीदा' तिच्याप्रमाणे बदलले, 'मेदियो' जागचे हलले नाही. स्पॅनिश ज्यांची मायबोली आहे असेही पुष्कळ जण बोलताना तिथे 'मेदिया' म्हणतात आणि शिक्षकांची बोलणी खातात.

मग स्पॅनिशमध्ये कर्त्याप्रमाणे बदलणारे काहीच नाही का? आहे. 'लोस नीन्योस द्वेर्मेन त्रान्कीलोस' म्हणजे मुले शांत झोपली आहेत. येथे 'त्रान्कीलोस' अनेकवचनी झाले, कारण ते झोपेच्या रीतीबद्दल नव्हे, झोपलेल्या मुलांच्या स्थितीबद्दल सांगते. ते विशेषणच आहे. स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा शब्द क्रियेचा आहे की क्रिया करणाऱ्याचा? क्रियेचा असेल तर न बदलणारे रूप, कर्त्याचा असेल तर बदलणारे. मराठी हा प्रश्न विचारायला लावत नाही. स्पॅनिश दरवेळी लावते.

'खूप'चेही असेच. मराठीत खूप मोठा, खूप बोलतो, खूप माणसे, सगळीकडे एकच शब्द. स्पॅनिशमध्ये विशेषण किंवा क्रियाविशेषण यांच्या आधी 'मुई', क्रियापदासोबत 'मुचो', आणि नामासोबत 'मुचो'च पण लिंगवचनाप्रमाणे बदलणारा. तुलनेच्या शब्दांआधी मात्र 'मुई' चालत नाही. खूप चांगले याला 'मुई ब्येन', पण त्याहून पुष्कळ चांगले याला 'मुचो मेहोर'.

४. 'या', 'तोदाबिया' आणि संपलेले नाते

स्पॅनिशमधील सर्वांत कामसू क्रियाविशेषण एका अक्षराचे आहे: 'या'. 'या कोमीस्ते?' म्हणजे जेवण झाले का? हा शब्द एकटा न शिकता चौकडीत शिकावा. 'बीबे आकी' म्हणजे इथे राहतो. त्याला चार शब्द लावून पाहू.

'या बीबे आकी' : आता इथे राहायला लागला आहे.
'तोदाबिया नो बीबे आकी' : अजून इथे राहत नाही.
'तोदाबिया बीबे आकी' : अजून इथेच राहतो.
'या नो बीबे आकी' : आता इथे राहत नाही.

मराठीत 'आता' आणि 'अजून' या दोघांनी ही चारही घरे सांभाळली आहेत. पण शेवटच्या वाक्यात आपला 'आता' दोन अर्थांचा आहे. सध्या राहत नाही, पुढे येईल, हाही अर्थ निघतो. आणि राहणे संपले, हाही. स्पॅनिशमध्ये पहिल्या अर्थाला 'आओरा नो' आणि दुसऱ्याला 'या नो' असे वेगळे शब्द आहेत. दुरावलेल्या माणसाबद्दल किंवा विकलेल्या घराबद्दल बोलताना हा फरक साधा राहत नाही. 'आओरा नो' म्हणणारा दार लोटून ठेवतो, 'या नो' म्हणणारा कडी घालतो.

हाक मारल्यावर आपण 'आलो!' म्हणतो. स्पॅनिश माणूस 'या बोय' म्हणतो. 'बोय' म्हणजे जातो. बोलणारा आपल्या जागेवरून दुसरीकडे निघाला, म्हणून जाणे. आपल्या सवयीने 'या बेंगो', म्हणजे 'येतो', असे उत्तर दिले तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा बाहेर निघाला आणि लगेच परतणार आहे. गंमत अशी, की घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायची आपली जी रीत आहे, तिला 'या बेंगो' चपखल बसते. शब्द तोच, प्रसंग मात्र दुसरा.

नकाराच्या बाबतीत मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. 'तो कधीच येत नाही' यात 'कधीच' आणि 'नाही' दोन्ही लागतात. स्पॅनिशमध्येही 'नो ब्येने नुन्का'. 'नुन्का' क्रियापदाच्या आधी आले तर 'नो' गळते: 'नुन्का ब्येने'. 'मी पण नाही' याला 'यो ताम्पोको'. दोन नकार म्हणजे होकार, हा इंग्रजी शाळेचा धडा येथे विसरलेला बरा.

काळाच्या शब्दांत आणखी एक देवाणघेवाण. आपला 'परवा' मागचाही आणि पुढचाही. स्पॅनिशमध्ये मागचा 'आन्तेआयेर' आणि पुढचा 'पासादो मान्याना'. उलट त्यांचा 'मान्याना' म्हणजे उद्याही आणि सकाळही, म्हणून उद्या सकाळी याला 'मान्याना पोर ला मान्याना' असे दोनदा म्हणावे लागते.

५. शब्दाची जागा

मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येते, स्पॅनिशमध्ये साधारणपणे नंतर. ही सवय लागायला वेळ लागत नाही. दोन गोष्टी मात्र जपाव्यात. पूर्ण काळात सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घुसवता येत नाही. 'मी नेहमीच म्हटले आहे' याला 'स्येम्प्रे ए दीचो'. 'ए' आणि 'दीचो' यांच्या मध्ये 'स्येम्प्रे'ला जागा नाही.

दुसरे, जागा बदलली की अर्थ बदलतो. 'आब्लो नातुरालमेन्ते' म्हणजे तो सहजपणे बोलला. तोच शब्द वाक्याच्या आरंभी, पुढे स्वल्पविराम देऊन आला, तर 'अर्थातच तो बोलला'. पहिल्या वाक्यात शब्द क्रियेचा आहे, दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या अभिप्रायाचा. मराठीत याला दोन वेगळे शब्द आहेत; तिथे स्वल्पविराम आणि जागा यांनी भागते. म्हणून स्पॅनिश वाचताना स्वल्पविराम नजरेआड करू नये.

६. आमच्याकडे, तुमच्याकडे, तिकडे

स्थळ दाखवायला स्पॅनिशमध्ये तीन पायऱ्या आहेत. 'आकी' म्हणजे बोलणाऱ्याजवळ, 'आई' म्हणजे ऐकणाऱ्याजवळ, 'आयी' म्हणजे दोघांपासून दूर. आपल्याकडे 'इथे' आणि 'तिथे' दोनच. पण फोनवर नातेवाइकांशी बोलताना आपण 'आमच्याकडे', 'तुमच्याकडे' आणि 'तिकडे' अशा तीन जागा करतोच. 'तुमच्याकडे पाऊस आहे का?' यातला 'तुमच्याकडे' म्हणजे 'आई'. अमेरिका खंडात 'आका' आणि 'आया' ही जोडी अधिक चालते. 'मास आया' म्हणजे पलीकडे. त्याला 'एल' हे उपपद लावले की परलोक.

याच ठिकाणी एक वाद उभा आहे. 'माझ्या मागे' याला 'देत्रास दे मी' म्हणावे असे व्याकरण सांगते. पुष्कळ लोक, विशेषतः अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये, 'देत्रास मिओ' म्हणतात. 'मिओ' म्हणजे माझा. शुद्धतावाद्यांचे म्हणणे असे, की क्रियाविशेषण कोणाच्या मालकीचे कसे होईल? मराठी वाचकाला या आक्षेपाचे नवल वाटेल, कारण आपण 'माझ्या मागे', 'तुझ्या पुढे', 'आमच्या जवळ' असे मालकीनेच बोलतो. औपचारिक लेखनात पहिले रूप वापरावे हा सल्ला विद्यार्थ्याने पाळावा. पण दुसरे रूप बोलणाऱ्याला अडाणी समजू नये. त्याचे तर्कशास्त्र आपलेच आहे.

७. एका रेघेचे भांडण

'सोलो' हा शब्द विशेषण असला तर अर्थ 'एकटा', क्रियाविशेषण असला तर 'फक्त'. 'तोमो काफे सोलो' या वाक्याचे तीन अर्थ निघू शकतात: मी बिनदुधाची कॉफी घेतो, मी एकट्याने कॉफी घेतो, मी फक्त कॉफी घेतो. बोलणारी स्त्री असेल आणि एकटी असेल तर 'सोला' म्हणेल, म्हणजे एक अर्थ वेगळा पडेल. पुरुषाची मात्र पंचाईत. मराठीत 'एकटा', 'नुसती', 'फक्त' आणि 'च' असे चार हात असल्याने आपल्याला ती कळणार नाही.

ही पंचाईत टाळायला 'फक्त' या अर्थी पहिल्या स्वरावर तिरपी रेघ देण्याचा प्रघात होता. स्पॅनिश अकादमीच्या २०१० सालच्या लेखननियमांनी ही रेघ अनावश्यक ठरवली. संदर्भावरून अर्थ कळतो, असा युक्तिवाद होता. नामवंत लेखकांनी ते मानले नाही. वर्षानुवर्षे वाद चालला आणि मार्च २०२३ मध्ये अकादमीने स्पष्ट केले, की संदिग्धता आहे असे लिहिणाऱ्याला वाटत असेल तर त्याने रेघ द्यावी. शेवटचा शब्द लेखकाच्या विवेकावर सोडला गेला. अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेल्या आपल्या समाजाला या भांडणाची गोडी वेगळी सांगायला नको.

८. बरोबर कोणाचे?

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, आणि तिच्या दर दहा भाषकांपैकी साधारण नऊ जण स्पेनबाहेरचे. त्यांची नामे आणि क्रियापदे बरीचशी समान आहेत. वेगळेपण चटकन कळते ते लहान शब्दांत.

'रेसियेन' हा शब्द घ्या. स्पेनमध्ये तो धातुसाधिताच्याच आधी येतो: 'रेसियेन नासीदो' म्हणजे नवजात. अमेरिका खंडात तो कोणत्याही क्रियापदाला लागतो: 'रेसियेन येगो' म्हणजे नुकताच आला. 'नोमास' घ्या. मेक्सिकोपासून खाली अनेक देशांत 'पासे नोमास' म्हणतात. आपल्या भाषेत 'खुशाल या'. स्पेनमध्ये हे कोणी म्हणणार नाही. 'आओरिता' तर प्रसिद्धच आहे. 'आओरा' म्हणजे आता, त्याचे लाडके रूप 'आओरिता'. मेक्सिकोत ते या क्षणापासून संध्याकाळपर्यंत, आणि कधी कधी सभ्य नकारापर्यंत ताणले जाते. कॅरिबियन बेटांवर त्याचा अर्थ 'थोड्या वेळाने' किंवा 'मघाशी'. आपला 'एवढ्यात येतो' ज्याने ऐकून वाट पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको.

'आओरा'ची कथा आणखी मागे जाते. लॅटिन 'हाक होरा' म्हणजे या घटकेस. त्यापासून जुन्या स्पॅनिशमध्ये 'आगोरा' झाला. पोर्तुगीजमध्ये तो अजून तसाच आहे. १४९२ साली स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर काढले. त्याच वर्षी नेब्रिहा यांचे कास्तील भाषेचे पहिले व्याकरण छापले गेले, ज्यात क्रियाविशेषणाला स्वतंत्र शब्दजातीचे स्थान होते. बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे ऑटोमन साम्राज्यात, सालोनिका, इस्तंबूल, इझमीर येथे स्थिरावली आणि त्यांनी आपली स्पॅनिश चार शतकांहून अधिक काळ घरात जपली. स्पेनमध्ये 'आगोरा'चा 'आओरा' झाला, 'आन्सिना' जाऊन 'आसी' (असे) राहिला. या घरांत मात्र 'आगोरा' आणि 'आन्सिना' टिकले. मूळ भूमीत जे जुने झाले ते दूरच्या घरात जिवंत राहिले. त्याला बिघडलेली स्पॅनिश म्हणायचे की जपलेली?

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर आंद्रेस बेल्लो यांनी दिले. ते काराकासमध्ये जन्मले आणि त्यांनी चिलीत काम केले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८४७ साली, बेल्लो यांनी अमेरिका खंडातील लोकांसाठी म्हणून कास्तील भाषेचे व्याकरण लिहिले. त्यांची भूमिका दुहेरी होती. भाषा तुटून तिच्या अनेक बोली परस्परांना परक्या होऊ नयेत, म्हणून समान व्याकरण हवे. पण स्पेनच्याच प्रांतांचे वेगळेपण खपवून घेतले जात असेल, तर चिली आणि व्हेनेझुएलातील सुशिक्षितांच्या स्थिर रूढीलाही तोच हक्क हवा. हा विचार रुजायला शतकाहून अधिक काळ गेला. १९५१ साली मेक्सिकोत अनेक देशांतील अकादमी एकत्र आल्या, आणि २००९ सालचे नवे व्याकरण त्या सर्वांच्या नावाने निघाले. त्यात अमेरिकेतला 'रेसियेन' चूक म्हणून नव्हे, तर त्या त्या प्रदेशातील प्रयोग म्हणून नोंदलेला आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. इंदूरच्या घरात 'लवकर'च्या शेजारी 'जल्दी' नांदते, गोव्यात मराठी आणि कोंकणी शब्द एकाच अंगणात वावरतात, आणि पुण्यामुंबईचा पाहुणा आला की मुले आपल्या बोलण्याबद्दल संकोचतात. प्रमाण भाषा शिकावी, लेखनात पाळावी. ती आपल्या सर्वांना जोडते. पण आजीचे शब्द तेवढ्यासाठी पुसून टाकू नयेत. घरातली दहा-वीस क्रियाविशेषणे, केव्हा आणि कोणत्या सुरात वापरतात त्यासह, एका वहीत लिहून काढावीत. नामे कोशकारांनी बरीच गोळा केली आहेत. हे लहान शब्द मात्र ती माणसे बोलायची थांबली की त्यांच्याबरोबर जातात.

आणि स्पॅनिश शिकणाऱ्या नातवंडांना एवढेच सांगावे: 'ब्येन' बदलू नका, 'या'ची चौकडी पाठ करा, 'आओरिता' ऐकलेत तर घड्याळाकडे पाहू नका. बाकीचे पोको आ पोको, सावकाश येईल.